साडेतीन शहाण्यांतला अर्धा आणि आपली एक्सेल शीट

साडेतीन शहाण्यांची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली असते. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे आणि नाना फडणवीस अर्धे. अर्धे का, तर बाकीचे तिघे लेखणीबरोबर तलवारही चालवायचे आणि नानांकडे फक्त लेखणी. पुढे १९७२ साली विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आलं आणि नानांची वेगळीच प्रतिमा लोकांच्या डोक्यात बसली. त्यामुळे नाना म्हटलं की एकतर मुत्सद्दी नाहीतर कारस्थानी, एवढंच आपल्याला आठवतं. पण मित्रहो, त्या अर्ध्या शहाण्याच्या हातात जी लेखणी होती, तिने रोज लिहिलं काय जात होतं, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

उत्तर त्यांच्या हुद्द्यातच आहे. फर्द म्हणजे यादीचा, हिशेबाचा कागद. तो लिहिणारा तो फर्दनवीस. त्याचंच पुढे फडणवीस झालं, असं सांगतात. म्हणजे आजच्या भाषेत ‘शीट लिहिणारा माणूस’. कॉम्प्युटर ब्रँचच्या पोराला नानांकडे वळायला एवढं निमित्त पुरे आहे.

दुसरं निमित्त असं की मी म्हसळ्याचा. माणगावहून श्रीवर्धनला जाणारी एसटी आमच्या गावातूनच पुढे जाते. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ भटांचं, म्हणजे पहिल्या भट पेशव्याचं गाव. तिथून हरिहरेश्वरकडे निघालात की बागमांडला लागतं. तिथे फेरीबोटीत बसून बाणकोटची खाडी ओलांडली की पलीकडे वेसवी आणि मग वेळास. आज वेळास ऑलिव्ह रिडले कासवांसाठी प्रसिद्ध आहे. तीनशे वर्षांपूर्वी तिथे भानू नावाचं घराणं राहत होतं. जंजिऱ्याच्या सिद्दीचा ससेमिरा लागला तेव्हा बाळाजी विश्वनाथ श्रीवर्धन सोडून खाडीपलीकडे या भानूंकडे आले आणि मग हरी महादेव, बाळाजी महादेव, रामाजी महादेव हे भानू बंधू त्यांच्याबरोबर घाटावर गेले, अशी परंपरा आहे. १७१३ साली बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले आणि फडणिशी भानूंच्या घरात आली. यातल्या बाळाजी महादेवांचा नातू म्हणजे आपले नाना.

बाळाजी जनार्दन भानू यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्याला झाला. वडील जनार्दनपंत १७५६ मध्ये वारले आणि चौदाव्या वर्षी फडणिशी नानांच्या अंगावर पडली. आपण ज्या वयात नववीच्या युनिट टेस्टला घाबरत होतो, त्या वयात. अर्थात काम चुलते बघायचे आणि नाना शिकायचे. नानासाहेब पेशव्यांनी त्यांना आपल्या मुलांच्या बरोबरीने वाढवलं. अठराव्या वर्षी ते आई आणि पत्नीला घेऊन सदाशिवरावभाऊंच्या फौजेबरोबर उत्तरेत गेले. उद्देश तीर्थयात्रेचा होता, गाठ मात्र पडली पानिपतशी. १४ जानेवारी १७६१. नाना कसेबसे निसटले, पत्नी वाचली, आई परत आली नाही. या दिवसांबद्दल त्यांनी स्वतः लिहून ठेवलेलं छोटंसं आत्मवृत्त उपलब्ध आहे. त्यानंतर ते रणांगणाच्या वाटेला फारसे गेले नाहीत. त्यांना ‘अर्धे’ म्हणणाऱ्यांनी हे पानिपतही जमेला धरायला हवं.

पुण्यात परतल्यावर थोरल्या माधवरावांच्या अमदानीत (१७६१ ते १७७२) नाना फडात रमले. आणि इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण नानांचं खरं इंजिनिअरिंग इथे आहे.

पेशव्यांच्या हुजूर दफ्तराचे दोन मोठे भाग होते, चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर. चालत्या दफ्तरातला फड म्हणजे फडणिसांची खास कचेरी. हुकूम, सनदा, नेमणुका तिथून निघत. तिथेच रोजकीर्द लिहिली जाई. आज काय जमा झालं, काय खर्च पडलं, कोणाला काय दिलं, सगळं तारखेच्या क्रमाने. जसं घडलं तसं. मग या किर्दीतल्या नोंदी वेगवेगळ्या खात्यांखाली मांडल्या जात, ती घडणी. खातेवार सगळं एकत्र लागलं की खतावणी. वर्षाचा मेळ घातला की ताळेबंद. आणि एकबेरीज दफ्तरात असे तक्ते बनत की एका कागदावर अनेक वर्षांची जमा, खर्च आणि बाकी शेजारी-शेजारी दिसावी. यंदा अमुक प्रांताचा वसूल का घटला, हे कारभाऱ्याला एका नजरेत कळावं म्हणून.

आता आपल्या लॅबमध्ये या. एखादी मोठी फाइल आपण कोष्टक दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो. सॉफ्टवेअर सगळ्या ओळी मेमरीत आणून ठेवतं आणि प्रत्येक ओळीला तिचा मूळ नंबर असतो. आपण म्हणतो, नावाप्रमाणे लाव. चांगलं सॉफ्टवेअर त्या वेळी मूळ ओळी हलवत नाही. ते फक्त नंबरांची एक नवी यादी बनवतं, आधी ५१७, मग ३, मग ८८, आणि त्या यादीप्रमाणे पडद्यावर दाखवतं. आपण म्हणतो, फक्त सेकंड इयरची मुलं दाखव. पुन्हा तेच, यादी छोटी होते आणि मूळ ओळी जागच्या जागी राहतात. पडद्यावर जे दिसतं ते दृश्य, इंग्रजीत व्ह्यू. आणि मेमरीत बसलेली ती मूळ नोंद. रोजकीर्द आणि खतावणी यांच्यातलं नातं हेच. खतावणी हे किर्दीचं दृश्य आहे.

खरी गंमत होते ती आपण दृश्यात बदल करायला गेलो की. जावात ज्यांनी जेटेबल वापरलाय त्यांना हे चटकन कळेल. २००६ च्या जावा ६ पासून त्यात सॉर्टिंगची सोय आली. वापरणाऱ्याने पडद्यावरची तिसरी ओळ निवडून ‘डिलीट’ दाबलं, तर प्रोग्रॅमला मिळतो तो दृश्यातला तिसरा नंबर. तो आधी मूळ नंबरात बदलून घ्यावा लागतो. त्यासाठी तयार फंक्शन आहे, पण पोरं ते विसरतात आणि प्रोजेक्टच्या डेमोत भलत्याच विद्यार्थ्याचं अॅडमिशन रद्द होतं. एक्स्टर्नलच्या डोळ्यांसमोर! म्हणजे दृश्यातून मूळ नोंदीपर्यंत परत जाण्याची वाट शाबूत असली पाहिजे. खतावणीत ही वाट तारखेने मिळते. खात्यातली रक्कम संशयास्पद वाटली तर तारीख बघायची आणि त्या दिवसाची कीर्द काढायची. आपल्या डेटाबेसच्या पुस्तकात जिला ‘की’ म्हणतात, ते काम इथे तारीख करते.

दुसरी अडचण बेरजेची. ताळेबंदातली एक बेरीज खोडून तुम्ही दुसरा आकडा लिहिलात, तर तो फरक किर्दीतल्या कोणत्या नोंदीत टाकायचा? उत्तर नाही. म्हणूनच डेटाबेस बेरजेच्या दृश्यात थेट बदल करू देत नाही. मूळ नोंद दुरुस्त करा, बेरीज आपोआप बदलेल, असं तो सांगतो.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर हॉस्टेलचं उदाहरण घ्या. आमच्या मेसच्या हिशेबाची एक्सेल शीट होती. नाव, रूम नंबर, जेवणं, जादा अंडी, एकूण बिल. कमिटीतल्या एका उत्साही मेंबरने नावं अकारविल्हे लावायची म्हणून फक्त नावाचा कॉलम सिलेक्ट करून सॉर्ट मारला. एक्सेल बिचारं विचारतं, शेजारचे कॉलम पण बरोबर घेऊ का? त्याने ‘नको’ दाबलं. वर फाइल सेव्हही केली. नावं हलली, बिलं तिथेच राहिली. सोमवारी नोटीस बोर्डावर बघतो तर आयुष्यात अंड्याला हात न लावलेल्या मुलाच्या नावावर चाळीस अंडी. दोन दिवस नुसता गोंधळ. शेवटी वाचवलं कोणी, तर मेसच्या काकांच्या लाल वहीने. काकांनी रोज रात्री पेनाने तारीख घालून लिहून ठेवलेलं होतं. त्यावरून पूर्ण शीट पुन्हा बनवली. काकांनी नानांचं नाव फार तर नाटकात ऐकलं असेल, पण रोजकीर्द त्यांना ठाऊक होती.

नानांच्या काळी असा गोंधळ टाळायला आणखी एक सोय होती. परगण्याच्या मामलेदाराच्या हाताखाली दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस असे दरकदार असत. त्यांना नेमायचं सरकारने, मामलेदाराला त्यांना काढता येत नसे. आणि मामलेदाराने काही लपवलं तर वर कळवणं हे त्यांचं काम. शिवाय गावच्या कुलकर्ण्याचे आणि परगण्याच्या देशपांड्यांचे कागद वेगळेच. म्हणजे एकाच वसुलाची नोंद तीन-चार हातांनी होई आणि पुण्यात ती एकमेकांशी ताडून बघता येई. आज आपण याला अॅक्सेस कंट्रोल आणि ऑडिट म्हणतो आणि त्यावर चार मार्कांचा प्रश्न येतो.

दफ्तर नानांनी शून्यातून उभं केलं असं मात्र नाही. ते आधीपासून होतं. १७६३ साली निजामाच्या फौजेने पुणे जाळलं तेव्हा त्यातले बरेच कागद गेले. माधवरावांच्या काळात शिस्त लागली आणि नानांनी ती बारीकसारीक तपशिलापर्यंत नेली. १८१८ नंतर इंग्रजांनी हे दफ्तर ताब्यात घेतलं तेव्हा त्यांच्या अधिकाऱ्यांनीही नानांच्या काळातल्या कागदांच्या टापटिपीची दखल घेतली.

पुढचं आयुष्य इतिहासाच्या पुस्तकात आहेच, म्हणून भरभर सांगतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादा गादीवर बसले, पण बारभाईंनी त्यांना मानलं नाही. १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवेपदाची वस्त्रं मिळाली. बारभाईंतले एकेक जण बाजूला पडत गेले आणि कारभार नानांच्या हाती एकवटला. १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रजांची फौज कोंडली गेली, १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. उत्तरेत महादजी शिंदे, पुण्यात नाना. दोघांचं पटायचं नाही, पण राज्य दोघांच्या खांद्यावर उभं होतं. महादजी १२ फेब्रुवारी १७९४ ला वारले. योगायोग असा की त्याच तारखेला नानांनी बावन्न वर्षं पूर्ण केली. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याला निजामाचा पराभव झाला. नानांच्या कारकिर्दीतला हा सगळ्यात उंच क्षण.

आणि इथून पुढे त्यांची दुसरी बाजू बघावी लागते. चरित्र लिहायचं तर ती टाळून चालणार नाही.

एक्सेलमध्ये फिल्टर लावला की नको त्या ओळी दिसेनाशा होतात. नाहीशा होत नाहीत, फक्त दिसत नाहीत. ‘सम’ने बेरीज केलीत तर फिल्टरने लपलेल्या ओळीही धरल्या जातात, ‘सबटोटल’ने केलीत तर त्या सुटतात. एकच शीट, दोन वेगळे आकडे. त्यामुळे फिल्टर कोणी लावलाय हे बघणाऱ्याला माहीत असणं फार महत्त्वाचं. नानांनी सवाई माधवरावांभोवती असाच फिल्टर लावला होता. पेशवा कोणाला भेटेल, काय वाचेल, कोणाचं पत्र त्याच्यापर्यंत जाईल, यावर नानांची बारीक नजर असे. चुलत-चुलते बाजीराव राघोबांचे पुत्र म्हणून कैदेत होते. त्यांच्याशी सवाई माधवरावांचा गुप्त पत्रव्यवहार नानांना कळला तेव्हा बंदोबस्त आणखी कडक झाला. राज्याचा संपूर्ण ताळेबंद नानांच्या समोर आणि राज्याच्या धन्यासमोर मात्र गाळलेलं दृश्य. ऑक्टोबर १७९५ मध्ये एकवीस वर्षांचे सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या माडीवरून खाली पडले आणि दोन दिवसांत गेले. ती उडी होती की तोल गेला, यावर आजही वाद होतात. पण तो मुलगा ज्या तऱ्हेने वाढला त्याची जबाबदारी नानांच्या खात्यावर पडतेच. दफ्तरात चोख असलेल्या माणसाने घरात मात्र कुणालाच मूळ वही दाखवली नाही.

पुढची पाच वर्षं उताराची. वारस कोण यावरून मसलती सुरू झाल्या. १७९६ मध्ये पुणं असुरक्षित वाटू लागलं तेव्हा नाना वाईमार्गे कोकणात महाडला येऊन राहिले. रायगडाच्या पायथ्याशी, आमच्या म्हसळ्यापासून फार दूर नाही. तिथे बसून नुसत्या पत्रांवर त्यांनी शिंदे, होळकर, भोसले, निजाम यांना एका सूत्रात बांधलं. इतिहासात याला महाडची मसलत म्हणतात. डिसेंबर १७९६ मध्ये दुसरे बाजीराव पेशवे झाले आणि नाना पुन्हा कारभारी. पण वर्षभरात, ३१ डिसेंबर १७९७ ला, दौलतराव शिंद्यांनी त्यांना दग्याने पकडलं आणि अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं. १७९८ च्या उन्हाळ्यानंतर सुटका झाली. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

नाना गेले आणि फडाची रया गेली. दुसऱ्या बाजीरावांना दफ्तरात रस नव्हता. नोंदी अर्धवट राहू लागल्या, कागद ज्याला हवे त्याने नेले. परगणे इजाऱ्याने, म्हणजे जास्त बोली लावणाऱ्याला वसुलीच्या ठेक्याने दिले जाऊ लागले. ठेकेदाराने ठरलेली रक्कम आणून दिली की झालं, गावात किती पिकलं आणि किती लुटलं याची खबर पुण्यात कुणी घेईना. किर्दीशिवाय नुसती बेरीज! आपल्याकडे पिव्होट टेबल असतं ना, मूळ शीट बदलली तरी ‘रिफ्रेश’ दाबेपर्यंत ते जुनेच आकडे दाखवत बसतं. राज्याचं तसंच झालं. १८१८ मध्ये पेशवाई संपली. ती फक्त हिशेबामुळे बुडाली असं मी म्हणणार नाही, तेवढी माझी पात्रता नाही. पण आपल्याकडे काय शिल्लक आहे हे ठाऊक नसलेलं सरकार किती दिवस टिकणार, हा हिशेब कुणालाही जमेल.

यात नानांचा दोष नाही का? मला वाटतं आहे. पद्धत उत्तम होती, पण ती चालवणारा माणूस एकच राहिला. नवा माणूस तयार केला नाही. प्रोजेक्टचा पासवर्ड एकाच पोराकडे असावा आणि सबमिशनच्या आदल्या दिवशी तो आजारी पडावा, तशी गत.

म्हसळ्याचं काय, हे विचाराल तर सांगतो. सिद्दीशी झालेल्या लढायांनंतर तळे-घोसाळे पेशव्यांकडे गेलं. म्हसळं आणि श्रीवर्धन मात्र जंजिरा संस्थानातच राहिलं, ते थेट १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत. म्हणजे पेशव्यांचं मूळ गावच पेशव्यांच्या वसुलाच्या वहीत पूर्णपणे आलं नाही. मुद्दा बारीक आहे, पण डेटा हाताळणाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखा. लपवलेली ओळ फिल्टर काढला की परत येते. जी ओळ लोडच झाली नाही, ती कितीही फिल्टर बदलले तरी दिसणार नाही. तिच्यासाठी दुसरी वही शोधावी लागते.

नानांच्या खुणा अजून बघता येतात. वेळासला त्यांनी बांधलेलं रामेश्वराचं देऊळ आहे. वाईजवळ मेणवलीला कृष्णाकाठी त्यांचा वाडा आणि घाट आहे. ‘स्वदेस’ सिनेमात तो घाट तुम्ही पाहिलेला आहे. त्या वाड्यातूनच नानांचं खासगी दफ्तर अभ्यासकांच्या हाती आलं. आणि पेशवे दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात कापडी रुमालांत बांधून ठेवलेलं आहे. रियासतकार गो. स. सरदेसाईंनी १९३० च्या दशकात त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापले, पण ते खरोखर निवडकच. बाकीचे हजारो रुमाल मोडी लिपीत आहेत आणि मोडी सराईतपणे वाचणारी माणसं थोडी. फाइल सुरक्षित आहे, ती उघडणारं सॉफ्टवेअर कमी पडतंय. मोडी अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम लिहिणं हा फायनल इयरला चांगला विषय होईल, आणि त्यासाठी आधी स्वतः मोडी शिकावी लागेल. पुण्या-मुंबईत त्याचे वर्ग निघतात. दोन-चार जण तयार असतील तर सुट्टीनंतर मला रूमवर येऊन भेटा.